दिवाळीपासून होळीपर्यंत

वेस्तीबाई, परवा तालुक्याच्या साप्ताहिकाचे संपादक माझ्या घरी आले होते. म्हणाले, "तुम्ही आणि वेस्तीबाई एकदमच पंचायत समितीवर आलात, तर त्यांच्याविषयी तुम्हीच लिहून द्या. जन्म, शिक्षण, कार्य, एवढं आलं की झालं." मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. तुझा जन्म कधीचा ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस की ज्या वर्षी डोंगरात मोह फुललाच नाही त्या वर्षीची मी. शिक्षण नाही. आणि कार्य म्हणून काय लिहू? जे काम तुला करायचं होतं ते आम्ही होऊ दिलं नाही. तेव्हा त्यांना दोन ओळी लिहून दिल्या आणि बाकीचं हे तुला लिहिते आहे.

हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे. आपण असं बोलत नव्हतो. मी घरात गुजरी बोलायची, तू पावरी, आणि आपल्या दोघींच्या मधे बाजारातली अहिराणी. माझी ती चांगली होती, तुझी मोडकी. तरी भांडण झालं की तूच वरचढ ठरायचीस. वयाने तू माझ्याहून मोठी, म्हणून पहिल्या दिवशी मी 'तुम्ही' म्हटलं, तर तू मागे वळून पाहिलंस, आणखी कोण आलं आहे म्हणून. तेव्हापासून 'तू'च.

पंचायत समित्या नव्या झाल्या तेव्हा आमच्या तालुक्यात एकही बाई निवडून आली नव्हती. कायद्याने बाया घ्यायला हव्या होत्या, म्हणून आपल्या दोघींना घेतलं. मला घेतलं कारण मी सातवी पास होते आणि तापीकाठच्या गावांत माझ्या सासऱ्यांच्या शब्दाला मान होता. तुला घेतलं कारण डोंगरातलं कुणीतरी हवं होतं आणि तुझा दीर गावचा पाटील होता. आपण काही बोलावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मी सही करावी आणि तू अंगठा लावावा, इतकंच.

पावसाळा संपता संपता जी सभा झाली तिच्यात विषय होता 'हिवाळ्यातील आरोग्यविषयक तजवीज'. कारकुनाने टिपण वाचलं. दवाखान्यात औषधांचा साठा पुरेसा आहे. यात्रेच्या वेळी विहिरींत औषध टाकलं जाईल. नर्स आणि लस टोचणारे यात्रेच्या कामावर राहतील. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. दवाखाना आमच्याच गावात होता, नर्सबाईची खोली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि यात्रा म्हणजे सारंगखेड्याची, घोड्यांची, आमची घरची यात्रा. मला त्या टिपणात काहीच कमी दिसलं नाही.

तू विचारलंस, "हाई बठं कोनाकरता शे?"

सभापती हसून म्हणाले, "सगळ्या तालुक्याकरता, बाई."

"मंग आमनं गाव कोनता तालुकामा शे?"

लोक हसले. तुला वाटलं असेल की आपली भाषा चुकली. तू थांबलीस, आणि मग आणखी सावकाश बोललीस. "आमना तठे पोरं हिवायामाच मरतस. पानी पडस तव्हय मरतस नही. थंडी पडनी का छाती भरस, आन मरतस. दवाखानामा दवाई शे, पन ती घाट चढस नही."

त्यानंतर कुणी हसलं नाही. शेवटी दोन्ही महिला सदस्यांनी डोंगरातल्या गावांची पाहणी करून अहवाल द्यावा असं ठरलं. तो विषय टाळण्याचा मार्ग होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तुला कळलं होतं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "चाल, आते तुले यावंच लागी."

मी आले. घाटाच्या पायथ्यापर्यंत आमची बैलगाडी, पुढे पायी. मी बरोबर घरच्या भाकरी बांधून घेतल्या होत्या आणि तुझ्या घरी बसून माझ्या माझ्याच खाल्ल्या. तू माझ्या फडक्याकडे पाहिलंस. सकाळी उठले तर गवतावर मीठ शिंपडल्यासारखं दहिवर गोठलेलं होतं. आमच्याकडे थंडी म्हणजे हुरडा, रजई, कोवळं ऊन. तुझ्या झोपडीत कुडाच्या फटींतून वारा सरळ आत येत होता, आणि घरातली सगळी माणसं, दोन शेळ्यांसकट, एका शेकोटीभोवती होती. धुराने माझे डोळे चुरचुरत होते. थंडी आणि धूर यांतलं एक काहीतरी पत्करायचं, असं त्या घरांचं होतं.

शेजारच्या घरी तू मला घेऊन गेलीस. मांडीवर घेण्याजोगा मुलगा, त्याच्या बरगड्या भात्यासारख्या आत जात होत्या. पोटावर तापल्या विळ्याचे ताजे डाग. मी त्याच्या आईवर ओरडले. एवढ्याशा लेकराला डाग देता, तुम्हाला माया कशी येत नाही, असं बरंच काही. ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला माझा एक शब्द कळला नसेल, पण आवाज कळला.

तू मला दंड धरून बाहेर आणलंस. "तुन्हा गावमा नर्स शे, म्हनीसन तू बोलस. आठे इस्तो शे. तिन्हाजोडे जे व्हतं ते तिनी कयं."

जिथे नर्स नाही तिथे विस्तव, असं तुझं म्हणणं. इतकं खरं मला आधी कुणी बोललं नव्हतं. पण मला त्या वेळी ते लागलं, आणि मी फुरंगटून बसले. मुलाला मात्र आपण खाली आणलं. तू पाठीला बांधलंस, त्याची आई मागे, मी सगळ्यात मागे ठेचकाळत. पायथ्याशी गाडी होती म्हणून संध्याकाळच्या आत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पेनिसिलीन दिलं. पोर वाचलं. मी आनंदाने म्हटलं, "दख, खाले उनात त वाचनं ना?"

तू म्हणालीस, "आज तुन्ही गाडी व्हती."

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि ते मिटलं नाही. तुझं म्हणणं सरळ होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत नर्सने वर डोंगरात राहायचं. मधल्या गावात एक झोपडी आम्ही बांधून देऊ, लाकूडफाटा देऊ, ज्वारी देऊ. होळी झाली की तिने खाली जावं. माझं म्हणणं, एकटी बाई डोंगरात राहायला तयार होणार नाही, मोठे लोक मान्य करणार नाहीत, तेव्हा तुमच्या लोकांनी लवकर खाली यायला शिकलं पाहिजे. तू म्हणायचीस, बाळंतीण कशी उतरेल, म्हातारं कसं उतरेल. मी म्हणायची, ते सगळं खरं, पण समितीत काय पास होईल ते बघायला हवं. मला वाटायचं की मी व्यवहार बघते आहे.

अहवाल मी लिहिला. त्यात तुझी मागणी घातली. पण सभेच्या आदल्या दिवशी गावातली चार वजनदार माणसं सासऱ्यांकडे आली. नर्सबाई चार महिने वर गेली तर इथल्या बाळंतपणांचं काय, असा त्यांचा प्रश्न. तो काही खोटा प्रश्न नव्हता. माझीच नणंद त्या वर्षी माहेरी बाळंतपणाला आलेली होती. सासऱ्यांनी मला बोलावलं. फक्त म्हणाले, "बघ, दोन्हीकडचं जमेल असं काही."

तू सभेसाठी आदल्या दिवशी चालत उतरलीस आणि आमच्या ओसरीवर मुक्कामाला आलीस. तिथे मी तुला माझी तोड सांगितली. यात्रा संपली की नर्सबाई दर आठवड्याला पायथ्याच्या बाजारगावी, बाजाराच्या दिवशी, औषधं घेऊन बसेल. वरचे लोक तसेही बाजाराला उतरतातच. आजारी माणसं बरोबर आणायची. दोन्हीकडचं जमेल.

तू विडी पेटवलीस. मग म्हणालीस, "बिमारी काय बाजारना दिन दखीसन येस?"

"नही येस. पन काहीच नही त्यापेक्षा बरं."

"तू सांगस त मी मानसू," तू म्हणालीस. "मी मानस, कारन का तू वर उनी व्हती. बाकीना कोनी उना नही."

मी एकदा वर आले होते, माझा शब्द तू यासाठी मानलास. तो ठराव एकमताने झाला, सभापतींनी माझ्या समजूतदारपणाचं कौतुक केलं, आणि मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

तुला आमच्या घरी कसं वागवलं हेही इथे लिहायला हवं. सासूबाईंनी तुझ्यासाठी एक कानतुटका कप वेगळा ठेवला होता, ओसरीच्या कोनाड्यात. तू चहा प्यायचीस, आपला कप आपण धुवायचीस आणि परत तिथे ठेवायचीस. मी बघायची आणि दुसरीकडे बघायची. एकदा निघताना तू तो कप हातात घेऊन सासूबाईंना विचारलंस, "माय, हाऊ कप मन्हा शे ना?" त्या म्हणाल्या, "हो, तुझाच." "मंग मी घर लई जास," म्हणून तू तो गाठोड्यात बांधलास आणि चालू लागलीस. पुढच्या वेळी सासूबाईंना दुसरा तुटका कप सापडेना. तेव्हापासून आमच्याच कपांतून तू चहा प्यालीस. मी आयुष्यात कधी इतकी हसले नव्हते, पण हसले ते तू दिसेनाशी झाल्यावर. सासूबाईंसमोर हसायची माझी छाती नव्हती.

बाजाराच्या दिवसाची ती व्यवस्था चालली, आणि ती तुझ्यामुळे चालली. नर्सबाई बाहेरच्या जिल्ह्यातली, तिला तुमची भाषा येईना, लोक तिच्याजवळ जाईनात. तू दर बाजाराला पहाटे निघायचीस, वाटेतल्या घरांतून आजारी पोरं आणि त्यांच्या आया गोळा करायचीस, आणि त्यांना घेऊन ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली येऊन बसायचीस. कुणाचं काय दुखतं ते तू नर्सबाईला सांगायचीस आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते त्या आयांना. हे करायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. यात्रेचे दिवस सोडले तर बाकीच्या बाजारी असं चालायचं. यात्रेच्या दिवसांत काय व्हायचं? तू सभेत दर वर्षी विचारायचीस. "थंडी तर तव्हयच जास्ती ऱ्हास." दर वर्षी उत्तर मिळायचं की यात्रेत माणूस लाखाच्या घरात जमतं, पटकीची साथ आली तर कोण जबाबदार. तेही खरं होतं. आमच्या बाजूने बोलायला नेहमी काहीतरी खरं असायचं.

हिवाळा संपला की समितीसमोर कागद यायचा. बाजारगावी व्यवस्था समाधानकारक. त्याखाली पाहणी करणारे सदस्य म्हणून माझी सही. तुझा अंगठा त्यावर घेत नसत, पाहणी माझी होती ना. पण मी पहिल्या वर्षानंतर पुन्हा घाट चढले नव्हते. तू खाली येऊन सांगायचीस, मी ऐकायची आणि सही करायची. किती पोरं बाजाराच्या दिवसापर्यंत पोचलीच नाहीत हे तू सांगायचीस तेव्हा नावं घेऊन सांगायचीस. समाधानकारक या शब्दात ती नावं बसत नाहीत, हे मला कळायचं. तरी मी दुसरा शब्द शोधला नाही.

मला तू बेन म्हणायचीस, म्हणजे बहीण. गेल्या वर्षी म्हणालीस, "बेन, एकदाव वर ये. तू उनी का लोक आईकतस." मी म्हटलं, केळी निघाली की येते. केळी निघाली, मग कापूस आला, मग मुलीचं लग्न ठरलं.

आणि मग हा हिवाळा. मार्गशीर्षात आभाळ आलं, दोन दिवस झिमझिम लागली आणि त्यानंतर अशी थंडी पडली की तापीकाठी आम्हीसुद्धा दुपारपर्यंत शेकोटीजवळून हललो नाही. यात्रा भरली होती. समितीने मला यात्रेच्या आरोग्य व्यवस्थेवर नेमलं होतं, म्हणून मी तिथेच होते. यंदा तुझ्या सततच्या विचारण्याने एवढं झालं होतं की यात्रेच्या आठवड्यातसुद्धा एक दिवस नर्सबाईने बाजारगावी जायचं, असं तोंडी ठरलं होतं. तू त्यावर किती खूश होतीस. वरच्या सगळ्या घरांना तू सांगून ठेवलं होतंस, यंदा ती येणार.

आदल्या संध्याकाळी एका पालात जुलाबाचा एक रोगी निघाला. डॉक्टर त्याला घेऊन मोटारीने शहराला गेले. नर्सबाई माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, उद्या बाजाराचा दिवस आहे. मी सकाळच्या गाडीने तिकडे जाऊ, की इथेच थांबू?"

समोर टोचून घेणाऱ्यांची रांग होती. लोक घाबरलेले होते. डॉक्टर नव्हते. मी फार विचार केला असं सांगता आलं तर बरं झालं असतं, पण मी विचार केला नाही. मी म्हटलं, "थांबा इथेच. एक बाजार चुकला तर काही होत नाही."

तो रोगी पटकीचा नव्हता. शिळं खाल्लं होतं, तिसऱ्या दिवशी परत येऊन यात्रेत हिंडत होता.

त्या बाजाराचं मला नंतर कळलं, थोडं धान्याच्या दुकानदाराकडून आणि बाकीचं तुझ्या सुनेकडून, रेमीकडून. तुला स्वतःला ताप होता. छातीत कळा येत होत्या. रेमी म्हणाली नको जाऊ, तर तू म्हणालीस, मी सगळ्यांना सांगितलं आहे, मीच गेले नाही तर कोण नेईल त्यांना. दोन आया, त्यांची आजारी पोरं, आणि रेमी, तिच्याही पाठीला तुझा खोकणारा नातू. त्या थंडीत तुम्ही घाट उतरलात आणि लिंबाखाली बसलात. दुपार झाली. नर्सबाई आली नाही. मग तू धान्याच्या दुकानदाराची गाडी मागितलीस, पोरांना आणि त्यांच्या आयांना तीत बसवलंस, रेमीलाही बसवलंस, आणि त्यांना आमच्या गावच्या दवाखान्याला पाठवलंस. गाडीत तुला जागा नव्हती. कुणी म्हणालं, एखादी आई उतरून तुला बसू देईल. तू म्हणालीस, पोर कुणाच्या हातात देणार. दुकानाच्या ओट्यावर तू पोत्यांना टेकून बसलीस. पोरं वाचली, तिन्ही वाचली. गाडी दुसऱ्या दिवशी परत आली तोवर तू गेली होतीस.

मला निरोप कळला तेव्हा मी घोड्यांच्या बाजारात होते. दुकानदाराचा माणूस नवऱ्याला ओळखत होता, त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "ती समितीतली पावरीण बाई वारली." समोर एक पांढरी घोडी नाचवून दाखवत होते. नवरा म्हणाला, घरी चल. मी म्हटलं, जरा थांबा. का थांबले मला माहीत नाही. ती घोडी नाचून होईपर्यंत मी बघत उभी होते.

चार-पाच दिवसांनी मी वर आले. सांगूनही इतकी वर्षं आले नव्हते, आणि आता तू नसताना आले. नर्सबाईला बरोबर आणलं होतं. रेमी दारात मका सोलत होती. तिने मान वर केली, मला ओळखलं, आणि पुन्हा मक्याकडे बघितलं. तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. डोंगरात असं कधी होत नाही, ते तूच मला शिकवलं होतंस.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. हातातलं कणीस सोलून तिने बाजूला टाकलं आणि म्हणाली, "आम्ही दुफारलोंग वाट दखी. मन्ही सासू सांगे, यी ऱ्हायनी व्हई. बेन सांगेल शे, मंग ती येईच."

मी तिला सांगितलं. नर्सबाई येणार होती, तिला मीच थांबवलं. मी असं वाक्य जुळवलं होतं की त्यात तो जुलाबाचा रोगी येईल, डॉक्टर गेले होते ते येईल. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. "नर्सले मीच थांबाडेल व्हतं," एवढंच म्हणू शकले.

रेमी म्हणाली, "मन्ही सासू तुले बठं सांगे. तू आईके बी. आईकीसन काय कयं?"

तिला राग होता असं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काय केलं ते मी आठवून पाहिलं. सह्या केल्या होत्या.

त्या महिन्याच्या सभेत आधी दुखवट्याचा ठराव वाचला. त्यात तुझं नाव 'वस्तीबाई' लिहिलं होतं. मी उठून दुरुस्त करायला लावलं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग चहा येणार होता, त्याआधी मी बोलायला उभी राहिले आणि यात्रेत काय झालं ते सांगितलं, नर्सबाईने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. सभापती कनवाळू माणूस आहेत. ते म्हणाले, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? थंडीच तशी होती. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं." इतरांनीही माना हलवल्या. त्यांनी मला इतक्या सहज माफ करून टाकलं, वेस्तीबाई, की माझ्या लक्षात आलं, मला मोकळं केलं की विषयही मोकळा होतो. माझी चूक नाही म्हटलं की कुणाचीच नाही. थंडीची.

मी म्हटलं, "मला माफ नका करू. ठराव लिहा. दिवाळीपासून होळीपर्यंत नर्स वर राहील, असा लिहा."

बरीच चर्चा झाली. आमच्या गावच्या बाळंतपणांचं काय, हे पुन्हा निघालं. या वेळी मी सांगितलं की माझ्या गावात दवाखाना आहे, डॉक्टर आहे, सडक आहे, मोटार आहे, आणि इतकं असूनही आम्हाला नर्सही हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा, की डोंगरातल्या पोरांपेक्षा आम्हाला ती जास्त हवी आहे. असं कुणाला लिहवेना. शेवटी या हिवाळ्याचे उरलेले दिवस, होळीपर्यंत, तिला वर पाठवायचं ठरलं. पुढच्या वर्षीचं पुढे पाहू. नर्सबाई स्वतःच म्हणाली, मी जाते. तीही तेव्हापासून नीट झोपलेली नाही. घरी सासरे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तुझी जागा रिकामी होती. माझ्या जावेचं नाव सुचवलं गेलं. मी रेमीचं सुचवलं. लोकांना वाटलं मी भरपाई करते आहे, आणि त्यात काही खोटं नव्हतं, पण तेवढंच नव्हतं. त्या लिंबाखाली दुपारपर्यंत बसलेली दुसरी कुणी बाई मला माहीत नव्हती. तुझ्या दिराने निरोप पाठवला की ती येईल.

मागच्या आठवड्यात ती पहिल्यांदा सभेला आली. पोर पाठीला बांधलेलं, खोकला गेलेला, चांगलं बाळसं धरलं आहे. कारकुनाने नर्सबाईच्या नेमणुकीचं वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाई या वरीसनं समजनं. पुढला हिवायानं काय?"

सभापती म्हणाले, "पुढचं पुढे पाहू, बाई."

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "तू बी तसंच सांगस का?"

"नही," मी म्हटलं.

"मंग लिखाले लाव."

मी लिहायला लावलं. दर वर्षी, दिवाळीपासून होळीपर्यंत. हात वर करायला सांगितले तेव्हा माझ्याच बाजूच्या दोघांनी केले नाहीत, त्यांत एक माझा चुलत दीर. तरी ठराव झाला. तो टिकेल की नाही ते दिवाळीला कळेल. या वेळी पाहणी मी खाली बसून करणार नाही, इतकं मी रेमीला सांगितलं. तिने ते ऐकलं, बरं असंही म्हणाली नाही.

सभा संपल्यावर मी तिला घरी चल म्हटलं. उशीर झाला होता आणि वर जायला दुसरा दिवसच उजाडणार होता. ती नको म्हणाली. बाजारगावात तिच्या माहेरचं कुणी आहे, तिकडे जाते म्हणाली. मी आग्रह केला नाही. सडकेपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले, तिला गाडी मिळेपर्यंत उभी राहिले. गाडीत बसल्यावर तिने पोराचं टोपडं नीट केलं आणि समोर बघत राहिली.

तिने मला माफ केलेलं नाही. आणि वेस्तीबाई, तिने ते इतक्यात करू नये.